माघ संपतो, कुरण संपतं: गोराईच्या वाडीवरच्या एका म्हाताऱ्या घोड्याचं प्रकरण

खाडीपलीकडे, गोराई-मनोरीच्या पट्ट्यात, दोन एकरांची वाडी. कडेने नारळ, एका कोपऱ्यात करंज आणि भेंडी, बाकी वाळूमिश्रित जमीन आणि तिच्यावर पावसाळ्यात उगवणारं गवत. इथे तीन घोडे राहतात, तिघेही कामातून सुटलेले. पहिला 24 वर्षांचा खच्ची केलेला घोडा, तरुणपणी व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईतली घोडागाडी, ओढलेला. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवून त्या बंद करायला वर्षभराची मुदत दिली, त्यानंतर ज्यांचं काम सुटलं त्यांतला हा. दुसरी 17 वर्षांची थरोब्रेड घोडी, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावलेली आणि मग रायडिंग शिकणाऱ्यांना पाठीवर घेतलेली. तिसरं एक लहान चणीचं तट्टू. प्रकरण पहिल्याचं आहे. वाडीवर त्याला म्हातारबा म्हणतात, इथेही तेच नाव ठेवू. किनाऱ्यालगतच्या वाड्यांवर या दिवसांत जे नेहमी घडतं, ते एका घोड्याच्या नावावर मांडलेलं हे नमुना प्रकरण आहे. वजनं आणि मापं त्या आकाराच्या घोड्याची धरली आहेत.

वसंत इथे उलटा येतो

घोड्यांवरची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांतले. तिकडे वसंत म्हणजे कुरण एकदम हिरवं होणं. कोवळ्या गवतात साखर आणि फ्रुक्टान (गवतात साठणारी एक प्रकारची साखरच) वाढतं, जाड किंवा म्हाताऱ्या घोड्यांच्या खुरांना आतून सूज येते, म्हणजे लॅमिनायटिस होतो, म्हणून मार्च-एप्रिलात चरणं कमी करा असा सल्ला. तिथे तो बरोबरच आहे. मुंबईत मात्र वसंत पंचमी ते गुढीपाडवा हा कुरण संपण्याचा काळ. गवत ऑक्टोबरात बी धरतं, डिसेंबरात पिवळं पडतं आणि माघात त्याची बुडखं तेवढी उरतात. त्यातून मारवेल, पवन्या, कुसळी, हरळी ही आपल्याकडची उष्ण हवेतली गवतं फ्रुक्टान फारसं साठवत नाहीत. लॅमिनायटिसची भीती इथेही आहे, पण तिची वेळ जूनची. मार्चमधली भीती वेगळी: घोडा गवताबरोबर जमीन खातो.

मुंबईचा रेसचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. हंगाम उतरणीला लागला की निवृत्त करायचे घोडे बाहेर पडतात, नेमके कुरण रिकामं असताना. ‘मोकळ्या कुरणात सोडला’ हे ऐकायला छान वाटतं. मार्चमध्ये किनाऱ्यावर त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘वाळूत सोडला’ एवढाच असतो.

संक्रांत ते महाशिवरात्र

डिसेंबरपर्यंत तिघांचं बरं चाललं होतं. दिवसभर चरणं, संध्याकाळी प्रत्येकी तीनेक किलो भाताचा पेंढा जमिनीवर टाकलेला, आणि दोन वेळा चंदी: भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा मिळून दीड किलो. जानेवारीत गवत तीन-चार सेंटिमीटरवर आलं तरी खाण्यात बदल झाला नाही. दोन एकर हिरवे दिसत होते, पण ती हिरवाई हरळीची, जमिनीला चिकटलेली. अशी हरळी घोडा दातांनी उपटून खातो आणि मुळांबरोबर वाळू तोंडात जाते.

बदल पहिल्यांदा दिसला तो लिदीत. म्हातारबाची लीद गोळ्यांऐवजी शेणासारखी सैल पडू लागली, शेपटीखालचे केस चिकट झाले. मग गव्हाणीजवळ पेंढ्याचे चघळलेले ओले गोळे सापडू लागले, विड्याएवढे. घोडा घास चावतो, पण दळला जात नाही म्हणून थुंकून टाकतो. हे गोळे म्हणजे दातांची तक्रार, त्याचा अर्थ सहसा दुसरा लागत नाही. तरीही पहिला संशय जंतांवर गेला आणि लीद न तपासता आयव्हरमेक्टिनची पेस्ट दिली गेली. फरक पडला नाही. लिदीतल्या अंड्यांची मोजणी करून मगच औषध द्यावं, नाहीतर औषध वाया जातं आणि जंतांना त्याची सवय होते ते वेगळंच.

वजन उतरतंय हे नजरेला उशिरा कळलं, कारण पोट तसंच गोल होतं. पेंढ्यावर राहणाऱ्या घोड्याचं पोट फसवतं; बघायचं ते कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांवर आणि पुठ्ठ्यावर. टेपने मात्र लगेच कळतं. आयाळ संपते त्या वरवंडाच्या मागून आणि कोपरामागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11880, की किलो येतात. शिंप्याची टेप 150 सेंटिमीटरची असते, मोठ्या घोड्याला पुरत नाही. सुतळीने माप घेऊन सुतळी मोजावी. ऑक्टोबरात म्हातारबाचा घेर 168, लांबी 150, म्हणजे 356 किलो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घेर 162, म्हणजे 331. पंचवीस किलो गेले, आणि घोडा लांबून ‘ठीक’ दिसत होता.

ती रात्र

महाशिवरात्रीच्या सुमारास, रात्री साडेनऊला, घोडा चंदी सोडून उभा. पुढच्या पायाने जमीन खरवडणं, मान वळवून कुशीकडे बघणं, बसणं, उठणं, वरचा ओठ मुडपणं. पोटशूळ. नाडी जबड्याखालच्या धमनीवर 15 सेकंद मोजून चारने गुणायची: 52 भरली, विश्रांतीत ती 28 ते 40 असते. ताप 38.0, म्हणजे नाही. हिरड्या ओल्या आणि गुलाबी, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत. याचा अर्थ दुखतंय, पण अजून रक्ताभिसरण ढासळलेलं नाही. नाडी 60 च्या वर आणि चढतीच, हिरड्या विटकरी किंवा जांभळ्या, वेदना थांबतच नाहीत, असं दिसलं तर तासाभराचीही वाट बघायची नसते.

डॉक्टर येईपर्यंत करायच्या गोष्टी थोड्याच. खाणं समोरून काढणं, पाणी ठेवणं, लोळायला लागला तर दहा-दहा मिनिटं सावकाश चालवणं, आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी लिहून ठेवणं. चालवून चालवून दमवणं हा उपाय नाही. शांत पडून राहत असेल तर पडू द्यावा. न करायच्या गोष्टींतली पहिली अजून सर्रास होते: बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने हिंग-ओवा-तेल पाजणं. दुखणाऱ्या घोड्याचं डोकं वर धरून ओतलेलं तेल श्वासनलिकेत उतरतं, आणि पोटशुळातून वाचलेला घोडा चार दिवसांनी न्यूमोनियाने जातो. वेदनेचं इंजेक्शनही आधीच टोचू नये, नाडी आणि लक्षणं झाकली जातात. डायक्लोफिनॅक तर नकोच. गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे.

खाडीच्या या बाजूला आणखी एक अडचण असते. बोरिवलीकडून इथे यायला रस्ता नाही, लाँच आहे, आणि ती रात्री उशिरा बंद होते. डॉक्टरांना भाईंदर-उत्तनचा वळसा घालून यावं लागतं. घोडा परळला बैलघोडा हॉस्पिटलला न्यायचा तर त्याच वळशाने, मोठ्या टेंपोतून. म्हणून टेंपोवाल्याचा नंबर, चढ-उताराची मजबूत फळी आणि घोडा दिवसा टेंपोत चढवून बघण्याची सवय या गोष्टी दुखणं नसतानाच करून ठेवायच्या. चोवीस वर्षांच्या घोड्यावर पोटाची शस्त्रक्रिया करायची की नाही, हेही आधीच ठरवून वहीत लिहिलेलं बरं. रात्री बारा वाजता, घोडा लोळत असताना, तो निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही.

डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली. पोटातून काही उलटं आलं नाही, ही चांगली खूण. मग स्टेथोस्कोप पोटाखाली, छातीच्या हाडाच्या लगेच मागे टेकवला आणि तीन-चार मिनिटं हलवला नाही. मोठ्या आतड्यात वाळू असेल तर तिथे लाटा किनाऱ्यावर येऊन परतल्यासारखा घसरता आवाज येतो. तो आला. कुशीवर कान लावून एरवी ऐकतात तो गुडगुडाट हा नव्हे. अनेकांचं इथेच चुकतं, चुकीच्या जागी ऐकून ‘आतडी चालू आहेत’ म्हणून मोकळे होतात. गुदमार्गाने तपासणी करून आतडं जागेवर आहे याची खात्री झाली, मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शन दिलं, दीड तासात नाडी 40 वर आली.

सकाळी लिदीची परीक्षा. पारदर्शक लिटरभर बाटली किंवा बरणी घ्यायची. घोडा लीद टाकत असतानाच, किंवा ढिगाच्या वरून, सहा गोळ्यांएवढी लीद घ्यायची. जमिनीला टेकलेली घेतली तर वाडीचीच वाळू मोजली जाते. पाणी घालून गोळे फोडायचे, हलवायचं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. तळाशी चमचाभर वाळू म्हणजे संशय पक्का. म्हातारबाची तीन चमचे निघाली. पण वाळू खाली बसली नाही म्हणून पोटात नाहीच असं समजू नये. आतड्यात जड होऊन बसलेली वाळू पुढे सरकतच नसेल तर लिदीत दिसणार कुठून?

वाळू काढणं

मोठ्या आतड्याच्या तळाच्या भागांत वाळू साठते. तिथे ती अस्तर खरवडते, म्हणून लीद पातळ. वजनाने आतडं ओढते, म्हणून दुखणं. आणि फार साठली तर वाट बंद करते. पातळ लीद, वजन उतरणं, अधूनमधून हलका पोटशूळ हे तिन्ही एकत्र आणि घोडा वाळूवर राहणारा, एवढ्यावरही निदान जवळजवळ होतं. तरी डॉक्टरांनी रक्ताचा नमुना सर्रासाठी, म्हणजे घोडमाश्यांतून पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीच्या आजारासाठी, बघितला. पावसाळ्यात घोडमाश्या चावलेल्या आणि नंतर सुकत गेलेल्या घोड्यात सर्रा वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो निघाला नाही.

उपचार चार दिवसांचा. रोज एकदा नाकातल्या नळीने, वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम इसबगोल आणि एक ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम सॉल्ट, भरपूर पाण्यात. म्हातारबाला दोन्ही 330 ग्रॅम. दोन्ही मिळून दिल्याने वाळू जास्त निघते. नुसतं खाण्यातून इसबगोल देण्यापेक्षा बरंच जास्त. हे काम डॉक्टरांचंच. नळी चुकून फुप्फुसाकडे गेली तर घोडा गेला, आणि घोड्यात पाणी कमी असताना एप्सम सॉल्ट अंगावर येतं. इसबगोल पाण्यात पडला की दोन-तीन मिनिटांत घट्ट होतो, म्हणून नळी आधी बसवायची, मग कालवायचा, लगेच ओतायचा. कालवून ठेवून मग नळीची तयारी केली तर बादलीत खळ तयार होते. दुसऱ्या दिवसापासून लिदीत वाळू वाढली, चौथ्या दिवशी घटली. ही वाढ बघून घाबरायचं नाही, त्यासाठीच तर सगळं चाललंय.

पुढे महिन्यातले सलग सात दिवस खाण्यातून इसबगोल, त्याच प्रमाणात. रोज वर्षभर देऊ नये. आतड्यातले जिवाणू तो पचवायला शिकतात आणि मग तो वाळूपर्यंत पोचतच नाही. इसबगोलाचा भुसा तेलाचा हात लावलेल्या ओल्या मॅशमध्ये, म्हणजे भिजवलेल्या मऊ खाण्यात, मिसळून लगेच समोर ठेवायचा. दात नसलेला हावरा घोडा कोरडा भुसा भराभर गिळतो आणि तो घशात फुगतो. दोन्ही नाकपुड्यांतून फेस आणि अन्न, मान ताणलेली, खोकला, असं दिसलं तर खाणं-पाणी दोन्ही काढून डोकं खाली ठेवू द्यायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. इसबगोलावर फार विसंबूही नये. तोंडात जाणारी वाळू थांबवली नाही तर तो नुसता खर्च आहे.

दात

पोट निवल्यावर दहा दिवसांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन तोंड उघडलं. वरच्या उजव्या ओळीतली एक दाढ पडलेली, तिच्या समोरची खालची वाढून त्या खिंडीत घुसलेली, दोन दाढांच्या फटीत सडलेला पेंढा ठासलेला. गालाकडच्या कडा धारदार, आणि हिरडीत कुसळं रुतलेली. कुसळी गवत फुलोऱ्याआधी कापलं तर चांगला चारा. बी धरल्यावर कापलेलं तोंड फोडतं. गवत घेताना पेंढी झटकून हातावर कुसळं चिकटतात का ते बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

कानस लावली ती फक्त धारांवर आणि त्या वाढलेल्या दाढेवर, तीही एका बैठकीत सगळी नाही. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात आणि झिजतात. चोविसाव्या वर्षी सरकायला फारसं काही उरलेलं नसतं. तरुण घोड्यासारखं सपाट घासून काढलं तर दळायला पृष्ठभागच राहत नाही. फटीतला पेंढा काढून धुतला आणि दर सहा महिन्यांनी तोंड बघायचं ठरलं. यापुढे लांब काडीचा चारा त्याच्यासाठी नाहीच, हे मात्र तेव्हाच स्पष्ट झालं.

खाणं

रोजचा कोरडा चारा-दाणा मिळून वजनाच्या दोन टक्के, म्हणजे म्हातारबाला साडेसहा-सात किलो, हे माप धरलं. वाडा-मुरबाडकडचं वाळलेलं डोंगरी गवत कडबा कुट्टीच्या यंत्रातून दोन-तीन सेंटिमीटर कापलेलं चार किलो, अर्धा तास भिजवून. वाळवलेली लसूणघास दीड किलो, तीही भिजवून. भरडलेला जव एक किलो, उकडलेला हरभरा 300 ग्रॅम, तीन ते चार वेळांत वाटून. तेल पहिल्या आठवड्यात 50 मिली, पुढे हळूहळू 150 मिलीपर्यंत. मीठ रोज 30 ग्रॅम, घाम फुटायला लागला की 45. जुन्या खाण्यावरून यावर यायला बारा दिवस घेतले. आतड्यातल्या जिवाणूंना तेवढा वेळ लागतोच, आणि नुकताच सावरलेला घोडा घाईने पुन्हा दुखण्यात जातो.

भाताचा पेंढा पूर्ण बंद केला. तो स्वस्त असतो, मुंबईभर मिळतो, गायी-म्हशी तो चालवून घेतात. घोड्याला मात्र त्यातून ताकद मिळत नाही, सिलिका भरपूर असते आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. सोबतीला गव्हाचा कोंडा असला तर आणखी वाईट, कारण कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नावाला. पेंढा आणि कोंडा ही जोडी वर्षानुवर्षं चालली की हाडांतलं कॅल्शियम निघून जातं, चेहऱ्याची हाडं फुगतात, घोडा कारण नसताना लंगडतो. नेपियर आणि पॅरा घासालाही हेच लागू: हिरवा मिळतोय म्हणून तोच एक चारा ठेवायचा नाही. लसूणघासेत कॅल्शियम चांगलं असतं, तिचं खरं काम इथे ते आहे.

फेब्रुवारीनंतर भिजवण्याच्या वेळाही बदलतात. हिवाळ्यात रात्री भिजवलेला हरभरा सकाळी चांगला असतो. मार्चमध्ये त्याच वेळेत तो आंबतो. सहा तासांपेक्षा जास्त नको, आणि उरलेली मॅश तासाभराने टाकून तोबरा आणि घमेलं धुऊन ठेवायचं. हे चुकलं तर चांगल्या खाण्यानेच पोट बिघडतं.

पाणी

वाळूइतकाच हातभार पाण्याने लावला होता. किनाऱ्यावरच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होत जातं. गोडं पाणी उपसलं जातं आणि खालून खारं वर येतं. घरच्या आरओसाठी मिळतो तो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर विहिरीत बुडवून दर आठवड्याला आकडा लिहावा. 3000 पर्यंतचं पाणी घोड्याला बाधत नाही, पण चव बदलली की तो त्याआधीच हात आखडतो. बादल्या मोजल्या तेव्हा म्हातारबा दिवसाला 18 लिटरवर आलेला होता. थंडीत, हिरव्या गवतावर, 350 किलोच्या घोड्याला तेवढं पुरतं; कोरडा चारा आणि मार्चचं ऊन असताना 30 तरी हवं. आतड्यात पाणी कमी, वर वाळू, वर न चावलेला पेंढा, मग दुखणं अटळ होतं. पिण्यापुरता टँकर सुरू केला, टाकी सावलीत हलवली आणि भिजवलेल्या खाण्यातून दहा-बारा लिटर आपोआप पोटात जाऊ लागलं.

पूर्वेकडचे वारे सुटले आणि समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत लांबला की मार्चमध्येच पारा 37-38 वर जातो. नारळाची सावली सावली नव्हे, ती फिरते आणि विरळ असते. करंजाखाली झावळ्यांचा मांडव घातला. त्याच दिवसांत थरोब्रेड घोडीवर लक्ष ठेवावं लागलं: दुपारी चार वाजता नुसती उभी, श्वास मिनिटाला 60, नाकपुड्या फुललेल्या आणि अंग कोरडं ठणठणीत. दमट उष्ण हवेत काही घोड्यांच्या घामाच्या ग्रंथी कामच सोडून देतात. तिला दुपारी तीन वेळा मानेपासून पोटापर्यंत पाणी, मांडवात पंखा, आणि चरायला फक्त पहाटे व रात्री सोडणं. खात्रीचं औषध नाही. हवा बदलणं हाच खरा उपाय.

जमीन

सर्वांत जास्त फरक पडला तो कुदळ-फावड्याच्या कामाने. गव्हाणीसमोर चार मीटर लांबरुंद जागेवर 15 सेंटिमीटर मुरूम टाकून दाबला, त्यावर जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे अंथरले. रोज सकाळी ते झाडून मगच चारा. गव्हाण म्हणून ट्रॅक्टरचं जुनं टायर, तळाला रबर घातलेलं. कड उंच असल्याने चारा बाहेर सांडत नाही. टांगायची जाळी म्हातारबाला दिली नाही, त्याला ओढून तोडायला दात नाहीत. घोड्याने मान खाली घालूनच खावं, फक्त तोंडाखाली वाळू नको.

दोन एकरांतला सव्वा एकर बांबू आणि बॅटरीवरच्या विजेच्या पट्टीने बंद केला. नियम साधा ठेवला: गवत सात सेंटिमीटरच्या खाली गेलं की तो तुकडा बंद, पाऊस पडेपर्यंत. उरलेल्या तुकड्यात घोडे हिंडायला जातात, पोट भरायला नाही. म्हणून सकाळी सोडण्याआधी निदान दोन किलो चारा पोटात गेलेला असतो. उपाशी घोडा मोकळ्या वाळूत सोडला की तो मुळंच उपटतो. मिठाचं ढेकूळ मांडवात टांगलं, कारण मीठ कमी पडलेला घोडा माती चाटतो.

कुंपणाची एक फेरीही रोजची झाली. आसपासच्या बंगल्यांतून छाटलेल्या फांद्या कुंपणावरून आत पडतात, ‘घोडे खातील’ म्हणून, चांगल्या मनाने. त्यात कण्हेर असते. हिरवी कण्हेर कडू म्हणून घोडा सहसा सोडतो. वाळलेली, इतर पाल्यात मिसळलेली मात्र खातो, आणि मूठभर पानंही हृदय थांबवायला पुरतात. चारा संपत आलेल्या दिवसांत ही शक्यता वाढते. कुंपणावर मोठ्या अक्षरांत मराठीत पाटी लावली, आणि बंगल्यांच्या माळ्यांना प्रत्यक्ष पानं दाखवली. पाटीपेक्षा दुसऱ्याचा उपयोग जास्त झाला.

पुढचे महिने

गुढीपाडव्याच्या सुमारास घेर 164, म्हणजे 340 किलो. लीद बांधलेली, बरणीत वाळू पाव चमचा. मेअखेर 167, म्हणजे 352. बरगड्या हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. चोवीस वर्षांच्या घोड्याला याहून जास्त भरवू नये, कारण पुढे जून आहे.

पहिल्या दोन-तीन पावसांनंतर वाडी आठवड्यात हिरवी होते आणि सगळ्यांना वाटतं, आता सुटलो. थंड देशांतला वसंताचा सल्ला आपण वापरायचा तो इथे. सहा महिने वाळल्या चाऱ्यावर असलेल्या आतड्याला कोवळं गवत एकदम मिळालं तर पोट आणि खूर दोन्ही जातात. बंद तुकडा गवत वीतभर होईपर्यंत उघडायचा नाही. तोवर मुळंही धरतात आणि उपटून येत नाहीत. मग पहिल्या दिवशी अर्धा तास, रोज अर्धा तास वाढवत, चारा भरल्या पोटीच. रोज सकाळी खुराच्या वर, घोट्यामागे, बोटांनी नाडी चाचपायची. एरवी ती जेमतेम लागते. ठळक उडायला लागली आणि खूर गरम लागला तर चरणं त्याच क्षणी बंद. तट्टूवर जास्त लक्ष, लॅमिनायटिस त्यालाच आधी गाठतो.

दुरुस्त करायची खरी गोष्ट राहते ती गवताच्या खरेदीची. आठवड्याला लागेल तसा चारा आणायचा म्हटलं की मार्चमध्ये मिळेल तो पेंढा घ्यावा लागतो. डोंगरी गवताची कापणी दसरा-दिवाळीच्या आसपास होते, नोव्हेंबर-डिसेंबरात ते चांगलं आणि परवडणारं मिळतं. हिशेब असा: म्हातारबा चार किलो, घोडी आठ, तट्टू चार, रोजचे 16 किलो. एक जानेवारीपासून जुलैच्या दहा तारखेपर्यंत 190 दिवस धरले तर 3040 किलो. नासधूस पंधरा टक्के धरून साडेतीन टन. रचायचं ते लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर सोडून, वर पत्रा आणि बाजूंनी हवा खेळती. ताडपत्री थेट गवतावर टाकली तर आत घाम धरून बुरशी येते. जूनमध्ये दमट हवा सुरू झाली की प्रत्येक पेंढी सोडून आत मनगटापर्यंत हात घालायचा. गरम लागली, ओलसर लागली किंवा धूळ उडून खवट वास आला, तर ती गव्हाणीत नाही, नारळाच्या आळ्यात जाते.